‘कॅनॉट स्टॅट’पाशी अडलेल्यांसाठी: मॅन पेज कसे वाचावे

लिनक्सवर नव्याने आलेला माणूस बहुधा अशाच एखाद्या ओळीपाशी अडतो. फोटोंचे फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचे असते आणि कॉपीची कमांड सीपी आहे, एवढे कुणीतरी सांगितलेले असते. टर्मिनल उघडून कमांड मारली की उत्तर येते: ‘सीपी: -आर नॉट स्पेसिफाइड, ओमिटिंग डिरेक्टरी फोटोज’. विचारायला गेले तर जाणकार म्हणतात, ‘मॅन पेज वाच.’ मॅन पेज म्हणजे त्या कमांडचे मॅन्युअलमधले पान. मॅन सीपी असे लिहून एंटर मारला की पडद्यावर सिनॉप्सिस, आर्ग्युमेंट, रिकर्सिव्हली, सिंबॉलिक लिंक, क्लॉबर अशा शब्दांची रांग उभी राहते आणि माणूस पान बंद करतो. तेही बंद कसे करायचे हे सापडले तर.

यात दोष वाचणाऱ्याच्या इंग्रजीचा नसतो. चांगले इंग्रजी येणारेही इथे अडखळतात. मॅन पेज शिकवण्यासाठी लिहिलेलेच नाही. ज्याला कमांड माहीत आहे पण एखादे ऑप्शन, म्हणजे कमांडपुढे लावायची -आरसारखी खूण, आठवत नाही, त्याच्यासाठी ते असते. रेल्वेचे वेळापत्रक कुणी पहिल्या पानापासून वाचत बसत नाही, आपल्या गाडीची ओळ तेवढी शोधतो, तसेच हे. त्या पानावरच्या शब्दांपैकी आजच्या कामाला दोन-तीनच लागतात. ते कसे हुडकायचे आणि बाकीच्यांकडे निर्धास्तपणे दुर्लक्ष कसे करायचे, एवढाच या लेखाचा विषय. उदाहरण मुख्यतः सीपीचेच ठेवले आहे, कारण ते पान लहान आहे आणि तरी त्यात सगळ्या प्रकारची अडचण आहे.

एक सूचना. इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. सीपी म्हणजे सी आणि पी ही दोन अक्षरे, मॅन म्हणजे एम, ए, एन. मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

या पानांची भाषा इतकी तुटक का, हे कळले की राग थोडा कमी होतो. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनले त्या युनिक्सच्या मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये ते तयार केले आणि वाचणारे होते तिथलेच सहकारी. फाइल म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. शिवाय त्या काळी टेलिटाइप वापरत. त्यातले मॉडेल 33 हे यंत्र सेकंदाला 10 अक्षरे छापायचे. कमांडची नावे दोन-दोन अक्षरांची आणि मजकूर काटकसरीचा असण्यामागे ते एक कारण. नाव, सिनॉप्सिस, वर्णन, संबंधित पाने आणि बग्ज ही मांडणीही तेव्हाचीच. आपल्याच प्रोग्रॅममधले दोष मॅन्युअलमध्ये छापायचे, ही पद्धत मला तरी फार आवडते.

पायरी 1: पानात फिरायला शिका

मॅन सीपी लिहून एंटर मारा. पान ज्या प्रोग्रॅममध्ये उघडते त्याचे नाव बहुतेक लिनक्सवर लेस. त्याची मोजकी बटणे पुरतात. स्पेसबारने पुढचे पान, बी दाबले की मागचे, क्यू दाबले की बाहेर. शोधायचे असेल तर तिरकी रेघ दाबा, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, आणि शब्द लिहून एंटर मारा. पुढचा सापडण्यासाठी एन, मागचा हवा तर मोठा एन.

शोधायची सवय आधी लावा, वाचायची नंतर. वरच्या एररमध्ये ‘-आर’ असा उल्लेख होता. मग पानात तेच शोधा. थेट त्या ओळीवर पोहोचाल: ‘-मोठा आर, -आर, --रिकर्सिव्ह: कॉपी डिरेक्टरीज रिकर्सिव्हली’. रिकर्सिव्हचा अर्थ रिकर्सिव्हली असा दिलेला पाहून हसू येते, पण अशी व्याख्या या पानांत बरेचदा भेटते. अर्थ साधा आहे: फोल्डर, त्यातले फोल्डर, त्यांच्याही आतले, तळापर्यंत सगळे. म्हणजे आपल्या कामाचा शब्द सापडला. पान बंद करून सीपी -आर फोटोज आणि पेनड्राइव्हचा पत्ता, असे लिहिले की काम होते. बाकीचे पान आज वाचले नाही तरी चालेल.

पायरी 2: सिनॉप्सिसची चिन्हे

सिनॉप्सिस म्हणजे कमांड कशी लिहायची त्याचा आराखडा. पानात एकच भाग नीट शिकायचा असेल तर हा. सीपीच्या पानावर तो असा दिसतो:

सीपी [ऑप्शन]... [-मोठा टी] सोर्स डेस्ट
सीपी [ऑप्शन]... सोर्स... डिरेक्टरी
सीपी [ऑप्शन]... -टी डिरेक्टरी सोर्स...

या तीन वेगळ्या कमांड नाहीत. एकच कमांड तीन तऱ्हांनी लिहिता येते, असा याचा अर्थ. चौकोनी कंसातले ऐच्छिक असते. ते लिहिले नाही तरी चालते, आणि लिहिले तर कंस टाइप करायचे नाहीत. तीन टिंबे म्हणजे आधीची गोष्ट एकापेक्षा जास्त वेळा देता येते. टिंबेही टाइप करायची नाहीत. जाड ठशातले जसेच्या तसे लिहायचे. अधोरेखित किंवा तिरक्या ठशातले म्हणजे रिकामी जागा, तिथे आपले नाव घालायचे. सीपीच्या पानावर अशी नावे मोठ्या अक्षरांतही असतात. सोर्स असा शब्द लिहिला आहे म्हणून कुणी सोर्स असे टाइप करू नये, तिथे आपल्या फाइलचे नाव यायला हवे. दोन ऑप्शनच्या मध्ये उभी रेघ असेल तर दोन्हींपैकी एकच वापरायचे. या खुणांचा तक्ता मॅन मॅन असे लिहिले की सुरुवातीलाच मिळतो, पण तिथपर्यंत फार कमी लोक जातात.

आता वरच्या पहिल्या दोन ओळी पुन्हा पाहा. पहिल्या ओळीत शेवटी डेस्ट आहे, दुसऱ्या ओळीत डिरेक्टरी. कॉम्प्युटर यांतली कोणती ओळ लागू करतो? ते शेवटी लिहिलेल्या नावाचे फोल्डर आधीपासून आहे की नाही, यावर ठरते. समजा तुम्ही सीपी -आर फोटोज बॅकअप असे लिहिले. बॅकअप नावाचे काही नसेल तर त्या नावाचे फोल्डर तयार होते आणि त्यात फोटो येतात. बॅकअप आधीच असेल तर त्याच्या आत फोटोज नावाचे फोल्डर तयार होते. म्हणून तीच कमांड दुसऱ्यांदा मारली की बॅकअपमध्ये फोटो दोनदा दिसतात, एकदा उघड्यावर आणि एकदा फोटोज फोल्डरमध्ये, आणि नवखा माणूस आपण काय बिघडवले ते शोधत बसतो. बिघडलेले काहीच नसते. पहिल्या ओळीतला मोठा टी याच्यासाठीच आहे: शेवटचे नाव फोल्डर म्हणून धरू नको, असे तो सांगतो. तिसऱ्या ओळीतला छोटा टी वेगळा. तिथे फोल्डरचे नाव आधी द्यायचे आणि फाइली नंतर.

एवढी सगळी माहिती तीन ओळींत बसलेली आहे. वर्णनातले परिच्छेद वाचण्यापेक्षा या तीन ओळींपुढे पाच मिनिटे बसलेले बरे.

पायरी 3: शब्दांची वर्गवारी

अनोळखी शब्द दिसला की थेट अर्थ शोधायला धावू नका. आधी स्वतःला विचारा, हा शब्द माझ्या कामाच्या ओळीत आहे का? नसेल तर सोडा. सीपीच्या पानावर सिंबॉलिक लिंक, हार्ड लिंक, रीफलिंक, स्पार्स फाइल, एसईलिनक्स अशी बरीच मंडळी आहेत. फोटो कॉपी करणाऱ्याला यातले एकही लागत नाही.

लागतात ते शब्द सगळ्याच पानांवर पुन्हापुन्हा येतात, म्हणून ते एकदा पाठ केलेले परवडते. व्हर्बोस म्हणजे काय चालले आहे ते सांगत सांगत काम करणे. इंटरॅक्टिव्ह म्हणजे विचारून करणे. सीपीमध्ये -आय लावला की जुन्या फाइलवर लिहिण्याआधी विचारणा होते. क्लॉबर म्हणजे असलेल्या फाइलवर दुसरी लिहून जुनी घालवणे, आणि म्हणून नो-क्लॉबर म्हणजे असलेल्या फाइलला हात न लावणे. ड्राय रन म्हणजे प्रत्यक्ष काही न करता काय झाले असते तेवढे दाखवणे. डिफॉल्ट म्हणजे तुम्ही काही सांगितले नाही तर जे होते ते. डेप्रिकेटेड म्हणजे आज चालते, पण नव्याने वापरायला घेऊ नका, पुढे काढून टाकण्याचा बेत आहे. डिरेक्टरी म्हणजे फोल्डर. फ्लॅग, स्विच आणि ऑप्शन ही सर्वसाधारणपणे एकाच गोष्टीची तीन नावे. लेखकागणिक शब्द बदलतो, गोष्ट नाही. ऑपरंड म्हणजे कमांड ज्यावर चालवायची ती वस्तू, इथे फाइल.

एक सावधगिरी मात्र हवी. अक्षराचा अर्थ कमांडगणिक बदलतो. सीपीमध्ये -आर म्हणजे आतल्या फोल्डरसकट. फोल्डरमधल्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसमध्ये -आर म्हणजे यादी उलट्या क्रमाने, आणि आतल्या फोल्डरसकट यादी हवी असेल तर मोठा आर. -एफ म्हणजे फोर्स, पण सीपीमधला फोर्स आणि फाइली पुसणाऱ्या आरएम कमांडमधला फोर्स यांची कामे वेगळी. आरएममध्ये तो विचारणाच बंद करून टाकतो. आणि आरएमने पुसलेले ट्रॅशमध्ये जात नाही. तेव्हा एका पानावर शिकलेले अक्षर दुसऱ्या कमांडला लावण्याआधी तिचे पान उघडा.

ते एक कुप्रसिद्ध वाक्य

सीपीच्या आणि तशा बऱ्याच पानांवर एक ओळ असते: ‘मँडेटरी आर्ग्युमेंट्स टू लाँग ऑप्शन्स आर मँडेटरी फॉर शॉर्ट ऑप्शन्स टू.’ वाक्य व्याकरणाने बरोबर, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला काही पत्ता लागत नाही. सांगायचे आहे ते असे. बऱ्याच ऑप्शनना दोन रूपे असतात, एक डॅश आणि एक अक्षराचे लघुरूप, आणि दोन डॅश आणि पूर्ण शब्दाचे दीर्घरूप. काही ऑप्शनना सोबत माहिती द्यावी लागते. जसे -टी किंवा --टार्गेट-डिरेक्टरी याला फोल्डरचे नाव. पानावर जागा वाचवायला ते नाव फक्त दीर्घरूपापुढे छापलेले असते. लघुरूप वापरले तरी ते द्यावेच लागेल, एवढेच त्या वाक्याचे म्हणणे. कळले की विसरून जा.

पायरी 4: एरर मागून पुढे वाचा

समजा फोटोचे नाव चुकीचे टाइप झाले. सीपी म्हणतो: ‘सीपी: कॅनॉट स्टॅट फोटो1: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. स्टॅट या शब्दाशी बहुतेकांची गाडी थांबते. थांबायचे कारण नाही. ओळीत अपूर्णविरामाची चिन्हे कुठे आहेत ते पाहा. पहिल्या तुकड्यात बोलणारा कोण ते असते. मधल्या तुकड्यात तो काय करू पाहत होता ते. शेवटच्या तुकड्यात का जमले नाही ते. वाचताना आधी शेवटचा तुकडा वाचा: अशी फाइल किंवा फोल्डर नाही. मग मधल्यातले फाइलचे नाव तपासा. स्टॅट म्हणजे फाइलची माहिती मागण्याची सिस्टिमची अंतर्गत क्रिया. ती कळली नाही तरी दुरुस्ती तीच, नाव नीट लिहिणे.

बोलणारा कोण, हेही कामाचे असते. ओळ ‘बॅश:’ने सुरू होऊन ‘कमांड नॉट फाउंड’ने संपत असेल तर तुमची कमांड सुरूच झालेली नाही. बॅश म्हणजे तुम्ही टाइप केलेले वाचणारा प्रोग्रॅम. त्याला त्या नावाचे काही सापडले नाही, म्हणजे स्पेलिंग चुकले किंवा तो प्रोग्रॅम इन्स्टॉल केलेला नाही. तेव्हा सीपीचे पान कितीही वाचून उपयोग नाही.

सिस्टिमची भाषा मराठी किंवा हिंदी ठेवली असेल तर काही संदेश भाषांतरित, काही इंग्रजी असे मिश्रण येऊ शकते. नेटवर शोधायचे तर इंग्रजी मूळ ओळ जास्त उपयोगी पडते. त्यासाठी कमांडच्या आधी त्याच ओळीत एलसी_ऑल=सी असे लिहा, सगळी अक्षरे मोठी, आणि मग एक जागा सोडून नेहमीची कमांड. तेवढ्यापुरता संदेश इंग्रजीत येतो. शोधताना ओळीतले आपल्या फाइलचे नाव आणि आपला पत्ता काढून टाका, उरलेली ओळ शोधा.

पायरी 5: नेटवरच्या सूचना उतरवून घेताना

मॅन पेजच्या बाहेरच्या सूचनांत वेगळेच सापळे असतात, आणि त्यांचा उल्लेख सहसा कुणी करत नाही.

ओळीच्या सुरुवातीचे डॉलरचे चिन्ह कमांडचा भाग नसते. ही कमांड साध्या वापरकर्त्याने मारायची, एवढीच ती खूण. ते कॉपी झाले तर ‘डॉलर: कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर येते. त्याच जागी हॅशचे चिन्ह असेल तर ती कमांड रूटची, म्हणजे सिस्टिमचे सर्वाधिकार असलेल्याची. आणि हे चिन्ह चुकून पेस्ट झाले तर जास्त गोंधळ, कारण बॅशच्या दृष्टीने हॅशपुढचे सगळे टिप्पणी असते. एररही येत नाही आणि काही घडतही नाही. माणसाला वाटते झाले काम.

कोनी कंसातले नाव, जसे फोल्डरनेम, हीदेखील रिकामी जागाच. कंसासकट काढून आपले नाव घालायचे. कंस तसेच ठेवले तर बॅश त्यांचा वेगळाच अर्थ लावतो, कारण ती चिन्हे फाइलमधून मजकूर घेण्याची आणि फाइलमध्ये पाठवण्याची आहेत. ते नाव ओळीच्या शेवटी असेल तर ‘सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन’ अशी ओळ येते आणि त्या ओळीत तुमच्या फोल्डरचा उल्लेखही नसतो.

फू, बार, बाझ ही नावे दिसली तर कोणत्याही शब्दकोशात शोधू नका. ती नमुन्याची नावे आहेत, आपल्याकडे गणितात ‘समजा क्ष’ म्हणतात तशी. एक्झाम्पल डॉट कॉम हा पत्ताही असाच, उदाहरणांसाठी मुद्दाम राखून ठेवलेला. 192.0.2 ने सुरू होणारे आयपी पत्तेही तसेच. हे तसेच ठेवून कमांड चालवली आणि काही जोडले गेले नाही, तर दोष नेटचा नाही.

आणि डॅश. व्हॉट्सॲपवर किंवा वर्डमधून आलेल्या कमांडमध्ये दोन छोट्या डॅशची परस्पर एक लांब रेघ झालेली असते. दिसायला फरक कळत नाही. मग सीपीला ते ऑप्शन न वाटता फाइलचे नाव वाटते, आणि तशी फाइल नसल्याने तो बहुधा म्हणतो, ‘कॅनॉट स्टॅट’. सरळ अवतरणचिन्हांची वळलेली अवतरणचिन्हे होण्याचा प्रकारही तोच. मेसेजमधून आलेली कमांड हाताने टाइप करणे हाच उपाय.

पायरी 6: कंसातला आकडा

पानाच्या तळाशी ‘सी ऑल्सो’खाली नावांपुढे कंसात आकडे असतात. ते पान क्रमांक नव्हेत, मॅन्युअलचे विभाग आहेत. 1 म्हणजे रोजच्या कमांड, 2 म्हणजे सिस्टिम कॉल, 3 म्हणजे प्रोग्रॅमरसाठीची फंक्शन, 5 म्हणजे फाइलींची रचना, 8 म्हणजे व्यवस्थापकाच्या कमांड. नवख्याला 1, 5 आणि 8 पुरतात. एकच नाव दोन विभागांत असते तेव्हा हे उपयोगी पडते. ठरलेल्या वेळी काम करून घेणाऱ्या क्रॉनटॅबचे पान मॅन क्रॉनटॅब असे लिहून उघडले की 1 मधले, कमांडचे येते. वेळ कशी लिहायची ते 5 मध्ये असते, त्यासाठी मॅन 5 क्रॉनटॅब. पहिले पान वाचून ‘यात तर काहीच नाही’ म्हणणारे बरेच असतात.

पानच न मिळणाऱ्या कमांडही आहेत. एका फोल्डरमधून दुसऱ्यात जाण्याची सीडी ही त्यातली एक. ती बॅशच्या पोटातली आहे. तिच्यासाठी हेल्प सीडी असे लिहा. कमांडचे नावच माहीत नसेल तर मॅन -के आणि एखादा इंग्रजी शब्द, जसे कॉपी, लिहिले की त्या शब्दाशी जुळणाऱ्या पानांची यादी येते.

पायरी 7: चाचणीचे फोल्डर

वाचून जे कळत नाही ते करून कळते, पण खऱ्या फाइलींवर नको. एमकेडीआयआर चाचणी असे रोमनमध्ये लिहून एक फोल्डर करा, सीडीने त्यात जा, तिथे तसेच फोटोज नावाचे फोल्डर करा आणि टच कमांडने त्यात दोन-तीन रिकाम्या फाइली बनवा. मग पायरी 2 मधले बॅकअपचे उदाहरण तिथे दोनदा मारून पाहा, -व्ही लावून, म्हणजे कोणती फाइल कुठे गेली ते छापले जाईल. एलएस -मोठा आर मारून आत काय झाले ते बघा. शब्दांची वहीही अशीच भरावी: शब्द, तो कुठल्या पानावर भेटला, आणि टाइप केल्यावर काय घडले. अर्थ आपल्या बोलीत लिहा, शब्द मात्र पानावर आहे तसाच ठेवा, नाहीतर पुढच्या पानावर तो ओळखू येत नाही.

एवढ्याने भागले नाही तर टीएलडीआर नावाचा प्रकल्प आहे. त्यात कमांडची नेहमीची उदाहरणे थोडक्यात मिळतात. सुरुवात तिथून करून मग मॅन पेजवर यायलाही हरकत नाही. एआय चॅटबॉटला एखाद्या वाक्याचा अर्थ विचारावा, तो बहुधा नीट सांगतो. पण त्याने सुचवलेले ऑप्शन आपल्याच मशीनवरच्या पानात शोधून पाहिल्याशिवाय मारू नका. कधी ते दुसऱ्या आवृत्तीतले असते, कधी मुळात नसतेच. मॅकवर काम करणाऱ्यांनी तर हे जास्तच पाळावे: तिथला सीपी युनिक्सच्या बीएसडी नावाच्या दुसऱ्या घराण्यातला आहे, आणि लिनक्सवरची --रिकर्सिव्हसारखी दीर्घरूपे तिथे चालत नाहीत.

पुढचा सराव एमव्ही (फाइल हलवण्याची किंवा तिचे नाव बदलण्याची कमांड), एमकेडीआयआर आणि एलएस या क्रमाने करा. पहिली दोन पाने छोटी आहेत. एलएसचे लांब आहे, पण चूक झाली तरी त्यात काही पुसले जात नाही. बॅशचे पान तूर्त उघडू नका. ते हजारो ओळींचे आहे, आणि त्यातले नेमके काय शोधायचे हे माहीत झाल्यावरच तिकडे फिरका.